रुग्णाचे पोषण तपासताना या चुका टाळा

"जेवण व्यवस्थित आहे का?" हा प्रश्न नागपूरच्या कोणत्याही ओपीडीत दिवसभर विचारला जातो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा रुग्णाऐवजी सोबत आलेला मुलगा देतो: "हो, व्यवस्थित जेवते." केसपेपरवर 'आहार साधारण' असे लिहिले जाते आणि पोषणाची तपासणी तिथेच संपते. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर आई उरलेले वरण भातात कालवून खाते, दात नसल्यामुळे तिने ज्वारीची भाकरी सोडली आहे आणि रात्री चहात पोळी बुडवून भागवते, हे मुलाला बहुधा ठाऊकच नसते. म्हणून काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्ले, वरण किती वाट्या आणि पोळ्या किती, हे रुग्णालाच विचारावे. कालचा दिवस एकादशीचा असेल आणि ताटात फक्त साबुदाण्याची उसळ असेल, तर परवाचेही विचारावे. 'मांसाहारी' या नोंदीवरही विसंबू नये. महिन्यातून एकदा सावजी मटण खाणारा आणि श्रावणात तेही सोडणारा माणूस ब-१२ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने शाकाहाऱ्याच्या बराच जवळ असतो.

दुसरी चूक आजचे वजन पाहून समाधान मानण्याची. १६० सेंटिमीटर उंचीच्या रुग्णाचे वजन ६४ किलो भरले, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ येतो आणि आपण त्याला वजन कमी करण्याचा सल्ला देतो. पण सहा महिन्यांपूर्वी तोच रुग्ण ७२ किलोचा असेल आणि प्रयत्न न करता ८ किलो उतरला असेल, तर शरीराचे ११ टक्के वजन गेले आहे आणि हे गंभीर लक्षण आहे. जुने वजन आठवत नसेल तर ब्लाउज सैल झाला का, पट्ट्याला नवे छिद्र पाडावे लागले का, असे विचारावे. पायावर किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो, म्हणून घोट्यावर बोट दाबून पाहावे आणि दंडाचा घेर मोजावा, कारण सुजेचा परिणाम तिथे कमी होतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे. कुपोषणामुळे दोन्ही पायांवर खड्डा पडणारी सूज आलेली असेल, तर वजन कितीही भरले तरी निदान तेच राहते.

विदर्भात सर्वाधिक काळजी रक्तक्षयाच्या बाबतीत घ्यावी लागते. हिमोग्लोबिन ८ आले की लोहाच्या गोळ्या लिहिण्याचा हात आपोआप चालतो, परंतु आपल्याकडे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे आणि एसएस पॅटर्न असलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, रुग्णाचे रक्त मुख्यतः लाल पेशी लवकर फुटल्यामुळे कमी होते. अशा रुग्णाला वारंवार रक्त चढवलेले असेल तर शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते आणि फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) न पाहता दिलेल्या गोळ्या अपाय करू शकतात. याची उलट चूकही तितकीच होते. एएस पॅटर्नची, म्हणजे आजार नसलेली पण त्याची वाहक, तरुणी आली की "सिकलसेलमुळेच रक्त कमी आहे" असे सांगून तिला परत पाठवतात. वास्तविक केवळ वाहक असल्याने हिमोग्लोबिन सहसा घटत नाही, आणि तिच्या पाळीचा अतिरक्तस्राव किंवा लोहाची कमतरता कोणी शोधतच नाही. फेरिटिन वाचतानाही ताप, क्षयरोग किंवा अन्य दाह आहे का ते पाहावे, कारण दाहात ते वाढते आणि कमतरता झाकली जाते.

मधुमेही रुग्णाच्या तळपायांना मुंग्या आल्या की दोष थेट साखरेला दिला जातो. तो रुग्ण अनेक वर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेत असेल तर त्याने ब-१२ कमी होऊ शकते, म्हणून ते तपासावे, आणि रक्ताचा नमुना ब-१२ चे इंजेक्शन देण्यापूर्वीच घ्यावा. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड देत राहिल्यास हिमोग्लोबिन सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी म्हणजे आहारात प्रथिने कमी, हा समजही सोडावा. जंतुसंसर्गात, शस्त्रक्रियेनंतर आणि यकृत किंवा मूत्रपिंडाच्या आजारात ते जेवणाशी संबंध नसतानाही उतरते.

शेवटची चूक कमतरता ओळखल्यानंतरची आहे आणि ती उत्साहापोटी घडते. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेला, किंवा दारूमुळे खंगलेला रुग्ण दाखल झाला की नातेवाईक डबा भरून आणतात आणि आपण ग्लुकोजची बाटली लावतो. अन्न एकदम वाढले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावे, आहार थोड्या उष्मांकांपासून सुरू करून काही दिवसांत वाढवत न्यावा, पहिल्या आठवड्यात हे तिन्ही क्षार वारंवार तपासावेत आणि डब्यातले किती व केव्हा द्यायचे, हे नातेवाइकांना सोप्या शब्दांत लिहून द्यावे.