घोड्याचे चारापाणी : या चुका टाळा

घोडा सुकू लागला की बहुतेक तबेल्यांत उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे चंदी, अर्थात दाण्याचा खुराक, वाढवणे. दाण्यानेच ताकद येते आणि गवत केवळ पोट भरण्यापुरते असते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. घोड्यांच्या पोटाच्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ मला या समजातच दिसते. सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहते, मात्र त्या आम्लाला आवर घालणारी लाळ घोडा चावत असेल तेव्हाच सुटते. एक किलो वाळलेले गवत खायला त्याला साधारण ४० मिनिटे लागतात, तर तेवढीच चंदी तो सुमारे १० मिनिटांत फस्त करतो. म्हणूनच दोन वेळा भरपूर चंदी आणि मध्ये मूठभर गवत अशी पद्धत ठेवली, तर जठर तासन्‌तास रिकामे राहून त्यात व्रण होतात. घोडा गव्हाणीचे लाकूड कुरतडू लागला किंवा चंदी अर्धवट टाकू लागला, तर त्याला खोडकर ठरवण्याआधी गवत किती वेळ संपलेले असते, हे पाहावे.

दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के इतका कोरडा चारा, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो, हा आहाराचा पाया आहे. चंदी त्यानंतर येते, आणि तीही काम जास्त असेल तरच. एका वेळी दोन किलोंहून अधिक चंदी देऊ नये. कारण लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो, तेथील सूक्ष्मजीव तो झपाट्याने आंबवतात, आणि त्यातून पोटशूळ किंवा खुरांच्या आतील पापुद्र्यांना सूज आणणारा लॅमिनायटिस उद्भवतो. डब्याने मापणे ही यातलीच दुसरी चूक आहे. ओटने भरणाऱ्या डब्यात मका भरला, तर त्याचे वजन बरेच वाढते आणि ऊर्जा त्याहूनही अधिक वाढते, म्हणून चंदी तराजूवर तोलूनच द्यावी. कोणताही बदल, अगदी गवताचा नवा साठा उघडणे हाही, सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा, कारण आतड्यातील सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला तेवढा अवधी लागतोच.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत म्हणजे बादली भरलेली आहे, तेव्हा घोडा पीत असणारच, असे गृहीत धरणे. विसाव्याच्या दिवसांतही ५०० किलोच्या घोड्याला २५ ते ५० लिटर पाणी लागते, आणि उन्हात घाम गाळणाऱ्या घोड्याला याच्या दुप्पट लागू शकते. बादलीच्या कडेला शेवाळाचा बुळबुळीत थर असेल, पाण्यात लीद पडली असेल किंवा कळपातला दांडगा घोडा हौदाजवळ इतरांना फिरकू देत नसेल, तर भरलेले पाणीही निरुपयोगी ठरते. थंडीत बर्फगार पाणी घोडे कमी पितात आणि नेमके तेव्हाच वाळलेले गवत अधिक खातात. आतड्यात चारा अडकून बसण्याचा धोका त्यामुळे वाढतो. अशा दिवसांत कोमट पाणी द्यावे. शंका आल्यास लीद पाहावी : गोळे लहान, कडक आणि वर चिकट आवरण असलेले दिसले, तर पाणी कमी पडते आहे. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा.

तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये, हा जुना दंडक सोडून द्यावा. काम संपताच त्याला पिऊ द्यावे आणि चालवत चालवत थंड करावे. घामाबरोबर मीठही इतके जाते की शरीरात पाणी कमी असूनही घोड्याला पुरेशी तहान लागत नाही, म्हणून रोज २५ ते ३० ग्रॅम साधे मीठ द्यावे आणि घाम जास्त येत असेल तर ते वाढवावे.

गव्हाचा कोंडा पचायला हलका म्हणून रोज भरपूर देण्याची सवय घातक आहे. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडे असल्यामुळे शरीर हाडांतील कॅल्शियम ओढून घेते, आणि कालांतराने चेहऱ्याची हाडे फुगतात. गुरांची पेंड घोड्यापुढे ठेवूच नये, कारण तिच्यात मोनेन्सिन हे गुरांच्या खाद्यात घालायचे औषध मिसळलेले असू शकते आणि त्याची अगदी अल्प मात्राही घोड्याचा जीव घेते. बुरशी आलेला चारा आणि हिरवळ कापून उरलेला ओला कचरा हेही वर्ज्य समजावेत. गव्हाणीत अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे सापडले, तर चारा बदलत न बसता दात तपासून घ्यावेत. दाढांच्या धारदार कडा गाल आणि जीभ कापत असतात.

एवढी काळजी घेऊनही घोडा वारंवार पोटाकडे पाहू लागला, पाय आपटू लागला, लोळू लागला किंवा त्याची लीद बंद झाली, तर चारा आणि चंदी तत्काळ दूर करून पशुवैद्याला बोलवावे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे जठर गच्च भरले तर ते फुटण्याची भीती असते. पशुवैद्य नाकावाटे नळी घालून तो दाब उतरवतात. ते येईपर्यंत घोड्याच्या तोंडात तेल किंवा काढा ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात उतरू शकते.