पीएलसी चालू, प्रोग्रामर गायब: शटडाऊनआधीची तयारी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही जुन्या फाउंड्रीत सँड प्लांटचं, म्हणजे साच्याची वाळू तयार करणाऱ्या यंत्रणेचं, पॅनेल उघडा, आत धुळीनं राखाडी झालेला एखादा मित्सुबिशी एफएक्स२एन पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, हमखास सापडेल. प्लांट रोज चालतोय, पण प्रोग्राम लिहिणारा कुठं गेला हे कुणालाच माहीत नाही आणि बॅकअपची सीडीही नाही. अशा मशीनला हात लावायच्या आधीची ही तयारी.

आधी दिवा बघा. पीएलसीच्या तोंडावर बॅटरी उतरल्याचा 'बॅट.व्ही' दिवा लाल दिसत असेल तर पॅनेलची पॉवर बंद करायची नाही, साफसफाईसाठीसुद्धा नाही. वेगळी मेमरी कॅसेट बसवलेली नसेल तर या पीएलसीचा प्रोग्राम रॅममध्ये असतो आणि लाईट गेल्यावर तो बॅटरीच्याच जिवावर टिकतो. म्हणून आधी कॉपी, मग बॅटरी. हा क्रम मालकानं घाई केली तरी मोडायचा नाही. नवी एफ२-४०बीएल बॅटरी मात्र आजच मागवून ठेवा, आणि तारीख बघून घ्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेली घेऊन उपयोग नाही. बदलताना पॉवर बंद करून जुनी काढल्यापासून 20 सेकंदांत नवी जोडायची असते. कनेक्टर कुठं आहे, झाकण कसं निघतं, हे आधी बघून ठेवा.

लॅपटॉप पीएलसीला जोडायची केबल एससी-०९ प्रकारची, पीएलसीकडचं टोक गोल आठ पिनांचं. यूएसबीवाली घेतलीत तर तिचा ड्रायव्हर ऑफिसात बसूनच टाका आणि कॉम पोर्टचा नंबर लिहून ठेवा. वाळूच्या धुळीत उभं राहून ते शोधण्यात अर्धी शिफ्ट जाते. सॉफ्टवेअर जीएक्स डेव्हलपर किंवा जीएक्स वर्क्स२. लॅपटॉप कुणाच्या हातात द्यायचा हे आधी ठरवा, कारण 'रीड फ्रॉम पीएलसी' आणि 'राईट टू पीएलसी' शेजारी शेजारीच असतात. चुकून राईट झालं तर जे वाचवायला आलात तेच पुसलं जाईल. प्रोग्रामसोबत पॅरामीटर आणि डी रजिस्टरमधले, म्हणजे पीएलसीत आकडे साठवायच्या जागांमधले, आकडेही घ्या. वाळू-पाण्याचं प्रमाण, मिक्सरचा वेळ असल्या सेटिंग बहुतेक तिथंच असतात. कॉपी आली की 'व्हेरिफाय' करून मगच केबल काढा. एचएमआयचा, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनचा, प्रोजेक्ट वेगळा असतो, तो यात येत नाही. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचे पॅरामीटरही हातानं उतरवा.

पीएलसीनं कीवर्ड, म्हणजे प्रोग्रामचा पासवर्ड, मागितला तर? आधी पॅनेल बनवणाऱ्याला आणि मशीन विकणाऱ्याला फोन करा, पॅनेलच्या दाराचा खिसा आणि जुन्या चालानांची फाईल चाळा. कीवर्ड आठ अक्षरांचा असतो, 0 ते 9 आणि ए ते एफ. असं काही पेनानं खरडलेलं दिसतंय का बघा. खरेदीच्या करारात प्रोग्राम कुणाचा म्हटलंय तेही वाचा आणि मालकाची लेखी परवानगी घ्या. नेटवर मिळणारे पासवर्ड क्रॅकर लॅपटॉपवर घेऊ नका. 2022 मध्ये ड्रॅगोस या सुरक्षा कंपनीनं अशाच एका टूलमधून सॅलिटी नावाचा मालवेअर कॉम्प्युटरमध्ये शिरत असल्याचं उघड केलं होतं.

कीवर्ड मिळालाच नाही, तर नवा प्रोग्राम लिहायची तयारी सुरू करा. खरं तर मिळाला तरी हे काम टळत नाही, कारण कॉमेंट सहसा पीएलसीत नसतातच. हाती येतं ते नुसतं एक्स (इनपुट), वाय (आउटपुट), एम (आतले रिले) आणि टी (टायमर). टर्मिनलचे फोटो फेरूलचे, म्हणजे वायरच्या टोकावरचे, नंबर वाचता येतील इतक्या जवळून काढा. मग एकेक सेन्सर हातानं ऑपरेट करून कुठला इनपुट लागतो ते लिहा. हलणाऱ्या भागापाशी हात घालायची वेळ आली तर आधी त्या मोटरचा आयसोलेटर पाडून कुलूप घाला, कंट्रोलची पॉवर मात्र चालू राहू दे. एफएक्समध्ये एक्स७ नंतर थेट एक्स१० येतो, हे नव्या पोराला सांगून ठेवा, नाहीतर यादीत एक्स८ दिसेल आणि पुढची सगळी ओळ सरकेल.

सायकलचा व्हिडिओ काढा, सुरुवातीचा आणि थांबण्याचासुद्धा. हॉपर रिकामा झाला, बेल्ट अडकला, इमर्जन्सी दाबली, की मशीन काय करतं हे रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा. इंटरलॉक, म्हणजे एक गोष्ट झाल्याशिवाय दुसरी चालू होऊ न देणाऱ्या अटी, सगळ्यांत जास्त त्याला पाठ असतात, आणि ड्रॉइंगमध्ये नसलेला बायपास कुणी कधी मारला हेही तोच सांगेल.

कॉपी तीन ठिकाणी ठेवा. 2019 च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, म्हणून एक कॉपी वरच्या मजल्यावर असू दे. बॅटरी बदलल्याची तारीख पॅनेलच्या दारावर मार्करनं लिहा.