सपाट पृथ्वीचा दावा नाशिकच्या गच्चीवरून कसा तपासावा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एकदा एक व्हिडिओ पाठवला. पृथ्वी सपाट आहे आणि अवकाशातून घेतलेली सगळी छायाचित्रे नासाने तयार केलेली आहेत, असे त्यात ठासून सांगितले होते. मी रात्री बसून एकेका मुद्द्याचे उत्तर लिहिले, तर सकाळी दुसरा व्हिडिओ आला. अशा व्हिडिओंत पंधरा-वीस मुद्दे असतात आणि एक खोडला की पुढचा तयार असतो, म्हणून त्यांतला एकच मुद्दा निवडावा आणि तो निकाली निघेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये.

त्याआधी एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: "काका, काय दिसले तर तुम्ही हे मत सोडाल?" छायाचित्र दाखवले तर ते बनावट, शास्त्रज्ञाने सांगितले तर तो कटात सामील, आणि पुरावा मिळालाच नाही तर तो दडवलेला, अशी ज्या दाव्याची रचना असते तो कधीच खोटा ठरू शकत नाही, पण त्यामुळे तो खरा ठरत नाही, फक्त तपासणीच्या बाहेर जातो. कटाच्या बहुतेक सिद्धांतांची मेख येथेच असते. शिवाय नासाची स्थापना १९५८ सालची आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त लिहून ठेवले आहे की परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि पृथ्वी प्रचंड, माणूस अगदी लहान, म्हणून ती त्याला सपाट दिसते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. काकांना हे ठाऊक नव्हते, आणि माझ्या साऱ्या उत्तरांपेक्षा याच गोष्टीने ते थोडे थांबले.

आता प्रत्यक्ष मापन. कंपासपेटीतला कोनमापक घ्यावा, त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवावी आणि मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला एक नट बांधावा. एप्रिल-मे महिन्यांत रात्री उत्तरेकडची मोकळी गच्ची गाठावी, सप्तर्षींतील पुलहाकडून क्रतूकडे (चौकोनाच्या, शेपटीपासून दूरच्या कडेचे हे दोन तारे) जाणारी रेषा त्या दोघांतील अंतराच्या सुमारे पाचपट पुढे न्यावी, म्हणजे ध्रुवतारा सापडतो. तो फार तेजस्वी नसतो, त्यामुळे घाई करू नये. नळीतून तो दिसला की दोरा स्थिर होऊ द्यावा आणि शेजारच्या माणसाने आकडा वाचावा. ९० आणि त्या आकड्यातील फरक ही ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची. नाशिकला दोरा ७०च्या आसपास थांबतो, म्हणजे उंची साधारण २० अंश. घरगुती साधनात एक-दोन अंशांची चूक धरावीच लागते.

मापण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी अपेक्षित आकडा कागदावर लिहावा, कारण नंतर सांगितलेले स्पष्टीकरण कशालाही जुळवता येते. गोल पृथ्वीवर ध्रुवताऱ्याची उंची जवळजवळ अक्षांशाइतकीच असते: नाशिकला २०, दिल्लीला साडेअठ्ठावीस, कन्याकुमारीला ८. पृथ्वी सपाट असेल आणि तारा उत्तर ध्रुवाच्या बरोबर वर टांगलेला असेल, तर त्रिकोणमितीने त्याची जमिनीपासूनची उंची काढता आली पाहिजे. ध्रुवापासून नाशिक सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. तेथून ही उंची २,८०० किलोमीटर येते. दिल्लीहून तीच ३,७०० आणि कन्याकुमारीहून अवघी १,३०० किलोमीटर येते. एकच तारा एकाच वेळी तीन उंचींवर असू शकत नाही. दिल्लीत शिकणाऱ्या चुलतभावाने त्याच रात्री तिकडून मोजून पाठवले, तेव्हा काकांनी हा हिशेब स्वतःच्या हाताने केला. दुसऱ्याने करून दाखवलेला हिशेब त्यांनी मानला असता असे मला वाटत नाही.

यावर "हवेमुळे प्रकाश वाकतो" असा आक्षेप येतो, आमच्याकडेही आला. आक्षेप चुकीचा नाही, हवेत प्रकाश खरोखरच वाकतो, म्हणून तो झटकून न टाकता "किती अंश?" असे विचारावे. २० अंशांवरच्या ताऱ्याबाबत हा फरक अंशाच्या विसाव्या भागाहूनही कमी भरतो, तर सपाट पृथ्वीचा हिशेब जुळायला कित्येक अंश लागतात. काकांनी तो आकडाही त्याच कागदावर, आपल्या अक्षरात, लिहून घेतला.