बग्गी वळणावर मागून फेकते? सेटअप बदलण्याआधी या चुका टाळा

"मागून फेकते" (वळणात मागची बाजू घसरते), "वळतच नाही", "उडीनंतर आपटते आणि उलटते". आरसी बग्गी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी रेसिंग गाडी, चालवणारे मित्र अशा तक्रारी घेऊन येतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणती स्प्रिंग टाकू, कोणतं ऑइल भरू? मी 1:8 (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची) इलेक्ट्रिक बग्गी मुरमाच्या ट्रॅकवर चालवतो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचाही नसतो आणि ऑइलचाही नसतो. गाडीत काहीतरी अडकतंय, वाकलंय किंवा डावं-उजवं सारखं नाही. ते तसंच ठेवून सेटअप, म्हणजे स्प्रिंग, ऑइल, उंची, कोन यांची मांडणी, बदलत बसलं की महिने जातात आणि गाडी कळेनाशी होते.

आर्म अडकतोय हे न तपासणं

मागच्या वर्षी माझी गाडी थ्रॉटल दिला की उजवीकडे ओढायची. तीन रविवार मी स्प्रिंगा बदलल्या, ऑइल बदललं, मागचा स्वे बार (डावी-उजवी बाजू जोडून गाडीचा कल रोखणारी सळई) काढूनही पाहिला. चौथ्या रविवारी चारही शॉक (धक्के झेलणाऱ्या, ऑइल भरलेल्या नळ्या) सोडले आणि एकेक आर्म (चाक धरणारा, वर-खाली हलणारा हात) बोटाने उचलून सोडून दिला. तीन आर्म टपकन खाली पडले. मागचा उजवा अर्ध्यावर थांबला आणि मग सावकाश उतरला. त्याची हिंज पिन (आर्म ज्या दांडीवर हलतो ती) काढून ग्रॅनाइटच्या तुकड्यावर घरंगळवली, तर ती लटपटत गेली. हातात धरून पाहिली तेव्हा सरळच वाटत होती. प्रत्येक खड्ड्यानंतर ते चाक जमिनीवर उशिरा टेकत होतं, डावं चाक तेवढा वेळ जास्त ढकलत होतं आणि गाडी उजवीकडे वळत होती. पिन बदलली, बाकी सगळं किटमध्ये होतं तसं परत लावलं, आणि ओढणं थांबलं.

तेव्हापासून ट्रॅकवर जाण्याआधी ही तपासणी मी चुकवत नाही. शॉक सोडायचे, स्वे बारच्या लिंक सोडायच्या, आर्म उचलून सोडायचा. चारही आर्म नुसत्या वजनाने पडले पाहिजेत. मग टर्नबकल (लांबी कमी-जास्त करता येणारे जोडदांडे) बघायचे. त्यांच्या टोकांचे नवे बॉल कप (गोळीवर बसणाऱ्या वाट्या) फार घट्ट असतात. कप बॉलवर बसलेला असतानाच पक्कडीने बाहेरून हलकेच दाबला की तो मोकळा होतो. जास्त दाबला तर खुळखुळा होतो, म्हणून एकेक दाब देऊन हाताने फिरवून बघावं.

इथेच एक चूक फार जण करतात. आर्म घट्ट वाटला की हिंज पिनवर तेल सोडतात. मुरमाची बारीक धूळ त्या तेलात बसते आणि पॉलिश पेपरसारखी पिन आणि आर्म दोन्ही खाते. सांधे कोरडेच ठेवा आणि ब्रशने साफ करा. तेल बेअरिंगला द्यायचं, तेही थेंबभर.

शॉक भरले म्हणजे झालं असं समजणं

डाव्या-उजव्या शॉकची जोडी एकसारखी असणं हे ऑइलच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. एका शॉकमध्ये हवा राहिली असेल तर एका बाजूच्या वळणात गाडी छान जाते आणि दुसऱ्या बाजूला घसरते. मालक बिचारा ट्रिम (रिमोटवरचं स्टीअरिंग सरळ करायचं बटण) फिरवत बसतो.

भरताना घाई नको. शॉक सरळ उभा धरा, ऑइल भरा, पिस्टन हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे येऊ द्या आणि मग तसाच पाच-दहा मिनिटं ठेवून द्या. ऑइल जाड असेल तर अजून थांबा. टोपण बसवल्यावर जोडी अशी तपासायची: स्प्रिंगा काढलेले दोन शॉक समोरासमोर धरायचे, दांड्यांची टोकं एकमेकांना टेकवायची आणि दोन्ही हातांनी सारखं दाबायचं. दोन्ही दांड्या बरोबरीने आत गेल्या पाहिजेत. एक आधी गेली तर तो शॉक पुन्हा उघडायचा. शिवाय पूर्ण लांब केलेल्या दोन्ही शॉकची लांबी व्हर्नियरने मोजा. बॉल कप अर्धा फेरा कमी-जास्त बसला तरी ड्रूपमध्ये फरक पडतो, म्हणजे चाक खाली किती लोंबतं तेच दोन्हीकडे वेगळं होतं.

ऑइल घेतानाही फसगत होते. बाटलीवर "35" लिहिलेलं असतं, पण 35 काय? वेट हे माप प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. एका कंपनीचं 35 वेट दुसऱ्या कंपनीच्या 35 शी जुळेलच असं नाही. सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं ठरलेलं माप) हा आकडा बघून घ्या. उदाहरणार्थ, टीम असोसिएटेडचं 35 वेट म्हणजे 425 सेंटिस्टोक आणि 40 वेट म्हणजे 500. एकाच कंपनीचं ऑइल शेवटपर्यंत वापरलं तर डोकेदुखीच उरत नाही.

आणि ऊन. सिलिकॉन ऑइल तापलं की पातळ होतं. डिसेंबरच्या सकाळी जी गाडी खड्ड्यांवरून अलगद जाते तीच एप्रिलच्या दुपारी उडीनंतर चेसिस आपटते. उन्हाळ्यात 50 सेंटिस्टोकने जाड ऑइल भरून पाहावं आणि तेवढ्याने भागलं नाही तरच पुढे जावं. अशा वेळी कडक स्प्रिंग टाकली तर गाडी आपटायची थांबते, पण छोट्या खड्ड्यांवर टुणटुण उड्या मारते आणि पकड आणखी कमी होते.

टायरला सगळ्यात शेवटी हात घालणं

खरं तर सुरुवात टायरपासून व्हायला हवी. गाडीचा जमिनीशी संबंध तिथेच येतो.

आपल्याकडचा मुरमाचा ट्रॅक दिवसभरात तीन वेगळे ट्रॅक होतो. सकाळी पाणी मारलेलं असतं तेव्हा ओलसर आणि चिकट. दहा-साडेदहाला रेसिंग लाइन (गाड्या सतत जातात तो पट्टा) कडक होते आणि बाजूला भुरभुरीत खडी जमते. दुपारी लाइनवरही धुळीचा थर बसतो. मोकळ्या मातीत उंच, विरळ पिनांचा (टायरवरच्या रबरी खुंटांचा) टायर जमिनीत रुततो. तोच टायर कडक लाइनवर पिनांवर डोलतो आणि गाडी वळणात वितळल्यासारखी सरकते. कडक भागात आखूड, दाट पिना लागतात. वर धूळ असेल तर मधल्या उंचीच्या. टायरचे दोन जोड जवळ असणं हे महागड्या ॲल्युमिनियमच्या भागांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

पिनांची धार गेली की टायर संपला. रबर शिल्लक दिसतं म्हणून लोक तो वापरत राहतात. मागच्या टायरच्या पिना बोटाने वाकवून पाहा. कोपरे गोल झाले असतील तर मागून फेकण्याचं कारण तुमच्या बोटाखालीच आहे.

टायरच्या आतला फोम तर कुणी बघतच नाही. तो बसला की टायर दाबल्यावर रिमला टेकतो आणि वळणात कडेवर कलतो. ओपन सेलपेक्षा (छिद्रं उघडी असलेल्या फोमपेक्षा) क्लोज्ड सेल (छिद्रं बंद असलेला) फोम जास्त टिकतो. टायरमध्ये हवा जायला-यायला भोक नसेल तर तो फुग्यासारखा उसळतो. भोक असेल तर पाणी मारलेल्या ट्रॅकवर फोम पाणी पितो. एक चाक जड झालं की सरळ रेषेतही गाडी थरथरते, आणि आपण मोटर-बेअरिंग तपासत बसतो. ओल्या सत्रानंतर चाकं काढून वजन करून बघा. फरक निघाला तर पाणी झटकून वाळवा.

टायर चिकटवताना कडेला कारखान्यातला तेलकट थर असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय गोंद लावू नका. नाहीतर भर शर्यतीत टायर रिम सोडतो.

मोजमाप डोळ्यांनी करणं

राइड हाइट (जमिनीपासून चेसिसची उंची), कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) आणि टो (वरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कोन) यांच्यात गूढ काही नाही, फक्त मोजायला हवं. घरातली फरशी सपाट नसते. मार्बलवाल्याकडून ग्रॅनाइटचा एक तुकडा आणा. गाडीत बॅटरी घाला, ती वीतभर उंचीवरून सोडा म्हणजे सस्पेन्शन बसतं, आणि मग मोजा. 1:8 बग्गीला साधारण 26 ते 28 मिलिमीटर उंची चालते. खड्डे जास्त असतील तर थोडी वर. उंची बदलली की कॅम्बर बदलतो, म्हणून कॅम्बर नेहमी नंतर. एक ते दोन अंश निगेटिव्ह (चाकाची वरची कड आत झुकलेली) ठेवा. मागे टो-इन (चाकांची पुढची कड आत) साधारण तीन अंश असतं. ते कमी करून वळणं वाढवायचा मोह सैल मातीवर टाळा.

डिफकडे दुर्लक्ष

1:8 बग्गीला पुढे, मध्ये आणि मागे असे तीन डिफ (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे, ऑइल भरलेले गिअर) असतात. 7000-7000-3000 सेंटिस्टोक अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी दिसते. मागचा डिफ पातळ असेल तर वळणात शिरताना मागची बाजू शांत राहते, पण फारच पातळ झाला तर आतलं चाक नुसतं गरगरतं. मधला जाड केला की ताकद मागे जास्त पोहोचते. सैल मुरमावर तेच नडतं, तिथे मधला एक पायरी पातळ करून बघा.

आकड्यांच्या चर्चेत एक साधी गोष्ट राहून जाते: डिफ गळतो. सहा महिने न उघडलेल्या डिफमध्ये अनेकदा निम्मंच ऑइल उरलेलं असतं, तेही काळं. मी भरताना सोनारी काट्यावर वजन करतो आणि वहीत लिहितो. पुढच्या वेळी उघडला की गळती किती झाली ते लगेच कळतं.

बोटाचा दोष गाडीवर ढकलणं

हे सांगताना लोकांना राग येतो, तरी सांगतो. 4एस (चार सेलची लिथियम) बॅटरी पूर्ण चार्ज असताना 16.8 व्होल्ट देते. पहिल्या दोन मिनिटांत त्या ताकदीपुढे धुळीत कुठलाच टायर टिकत नाही. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) पंच, म्हणजे सुटतानाचा झटका, कमी करा, ट्रान्समीटरवर (रिमोटवर) थ्रॉटल एक्स्पो लावा म्हणजे सुरुवातीला बोटाचा परिणाम सौम्य होतो. घड्याळ लावून दोन्ही प्रकारे पाच-पाच लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) करा. माझी स्वतःची लॅपची वेळ पंच कमी केल्यावर सुधारली.

दुसऱ्याचा सेटअप जसाच्या तसा उचलणं

मोठ्या ड्रायव्हरांची सेटअप शीट सहज मिळते. ती युरोपातल्या ॲस्ट्रोटर्फवर (कृत्रिम गवतावर) किंवा अमेरिकेतल्या चिकणमातीवर बनलेली असते. तिथे पकड इतकी असते की गाडी घसरण्याऐवजी उलटते, म्हणून ते जाड स्वे बार लावतात आणि गाडी खाली बसवतात. आपल्या मुरमावर त्याच गोष्टी उरलीसुरली पकडही घालवतात. सुरुवात किटच्या मॅन्युअलमधल्या सेटअपनेच करा.

मग एका वेळी एकच बदल. पाच लॅप मूळ सेटअपवर, पाच बदलून, आणि पुन्हा पाच मूळ सेटअपवर. तिसरा टप्पा बहुतेक जण गाळतात. पण मधल्या वेळात ट्रॅक कोरडा झालेला असतो, त्यामुळे फरक स्प्रिंगने पडला की उन्हाने, हे त्या शेवटच्या पाच लॅपशिवाय कळत नाही. वहीत तारखेपुढे वेळ आणि पाणी कधी मारलं तेही लिहा. पुढच्या रविवारी अकरा वाजता गाडी मागून फेकायला लागली की मागच्या रविवारचं अकराचं पान उघडायचं.