विंडोज ३.१ चे जुने स्क्रीनसेव्हर: हक्काची प्रत कशी मिळवायची

जुन्या स्क्रीनसेव्हरची फाइल सापडायला फारसा वेळ लागत नाही. ती वापरायची परवानगी आपल्याला आहे का, हे शोधायलाच खरा वेळ लागतो, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात.

आधी नेमकं काय हवंय ते ठरवा. स्टारफील्ड, मिस्टिफाय, मार्की, फ्लाइंग विंडोज हे सेव्हर एप्रिल १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ सोबतच मिळायचे. विंडोजची अस्सल प्रत असेल तर ते तुमचेच आहेत. दुसरा गट दुकानात विकल्या जाणाऱ्या सेव्हरचा. त्यात पहिलं नाव बर्कली सिस्टिम्सच्या ‘आफ्टर डार्क’चं: मॅकिंटॉशसाठी १९८९, विंडोजसाठी १९९१, आणि ओळख म्हणजे पंखवाले उडते टोस्टर. तिसरा गट एकेकट्या प्रोग्रामरनी लिहिलेल्या शेअरवेअर आणि फ्रीवेअरचा. शोधायला सगळ्यात रंजक हाच.

‘अ‍ॅबँडनवेअर’ म्हणजे मालकानं वाऱ्यावर सोडलेलं जुनं सॉफ्टवेअर; पण हा शब्द बोलीतला आहे, कायद्यातला नव्हे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ३.१ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २००१ ला थांबवला, पण त्यानं मालकी सुटत नाही. एखाद्या संकेतस्थळावर फाइल दिसते म्हणजे ती वाटायची मुभा आहे, असंही होत नाही. उलट बाजूनं, प्रत कायदेशीरपणे तुमच्याकडे आलेली असेल तर खराब होण्यापासून बचाव म्हणून तिची राखीव प्रत करायला याच कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं. फ्लॉपीची इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढताना हा आधार पुरेसा आहे.

शेअरवेअरसाठी इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयात जा आणि एकेक फाइल शोधण्याऐवजी त्या काळच्या सीडी शोधा. वॉलनट क्रीक या कंपनीनं सिमटेल आणि सिका या दोन मोठ्या संग्रहांच्या सीडी काढल्या होत्या. अशा सीडीवर मूळ झिप जशीच्या तशी असते, आणि महत्त्व त्या अखंडपणाला आहे. झिप उघडली की सेव्हर बाजूला ठेवा आणि सोबतचा मजकूर वाचा. ‘फाइल आयडी डॉट डीआयझेड’मध्ये दोन-चार ओळींची ओळख असते, ‘रीडमी’मध्ये वापराच्या अटी आणि ‘व्हेंडर’ नावाच्या फाइलमध्ये वाटपाच्या. ‘पब्लिक डोमेन’ लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. ‘फ्रीवेअर’ असेल तर वापर फुकट, पण विकायला किंवा बदलायला बहुधा मनाई. ‘शेअरवेअर’ असेल तर सगळ्या फाइली न बदलता दुसऱ्याला देता येतात, मात्र ठरलेल्या मुदतीनंतर वापरायचं तर नोंदणीचे पैसे द्यायचे. तीस वर्षांपूर्वीचा टपालपत्ता आज चालेलच असं नाही. लेखकाचं नाव शोधा, त्यानं पुढे प्रोग्राम मोफत केला असेल तर तसं त्याच्याच पानावर लिहिलेलं सापडतं. नसेल तर सरळ पत्र लिहून विचारा आणि आलेलं उत्तर फाइलीसोबत जपून ठेवा. इंटरनेटवर फिरणारे नोंदणी क्रमांक वापरू नका.

झिप उघडताना ‘ही पद्धत ओळखता येत नाही’ असा संदेश आला तर फाइल खराब आहे असं लगेच समजू नका. झिप बनवणाऱ्या पीकेझिप या प्रोग्रामच्या पहिल्या आवृत्तीतल्या ‘श्रिंक’ आणि ‘इम्प्लोड’ पद्धती सगळ्या आजच्या साधनांना कळत नाहीत. सेव्हन-झिप त्या उघडतं.

‘आफ्टर डार्क’ हवं असेल तर खोक्यासकट जुनी प्रत विकत घ्या. विक्रेत्याकडून छापील लेबलच्या फ्लॉपी, पुस्तिका आणि अनुक्रमांकाचं कार्ड यांचे फोटो मागवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पेनानं नाव लिहिलेली फ्लॉपी मिळाली तर ती कुणीतरी केलेली नक्कल समजा. त्या फ्लॉपीसोबत हक्क मिळत नाही.

आपल्या दमट हवेत फ्लॉपीचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. साडेतीन इंची फ्लॉपीचा धातूचा पडदा सरकवा, मागची चकती बोटानं सावकाश फिरवा आणि तपकिरी पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहा. पांढरट-करडे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा ओरखडते. धागे न सुटणाऱ्या बोळ्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंसं घ्या, दोन्ही बाजू हलक्या हातानं पुसा, आणि पूर्ण वाळू द्या.

मग कोपऱ्यातलं राइट-प्रोटेक्टचं भोक उघडं ठेवून यूएसबी ड्राइव्हवर इमेज काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे साधन उत्तम, कारण ते अडलेले सेक्टर मागे ठेवून आधी चांगले वाचून घेतं. इमेज १.४४ एमबीच्या फ्लॉपीसाठी नेमकी १४,७४,५६० बाइट आणि ७२० केबीसाठी ७,३७,२८० बाइट यायला हवी. मॅकच्या ८०० केबी फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हला वाचताच येत नाहीत, त्यासाठी साधा जुना ड्राइव्ह आणि तो संगणकाला जोडणारं ग्रीझवीझल हे बोर्ड लागतं.

बसवणं सोपं. सेव्हरची डॉट एससीआर फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये टाका, कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉप उघडा, यादीतून नाव निवडा, ‘टेस्ट’ दाबा. ‘व्हीबीरन३०० सापडत नाही’ असं आलं तर सेव्हर व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला आहे. ती डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल, ‘सिस्टिम’ फोल्डरमध्ये ठेवा. रंग विचित्र दिसले तर १६ रंगांचा ड्रायव्हर बदलून २५६ रंगांचा लावा. ‘आफ्टर डार्क’चे मॉड्यूल डॉट एडी फाइलीत असतात आणि मूळ प्रोग्रामशिवाय ते चालत नाहीत, त्यामुळे मोफत वाटलेलं मॉड्यूल मिळालं तरी इंजिन तुमच्याकडे हवंच.

एक सावधगिरी: डॉट एससीआर म्हणजे पूर्ण प्रोग्रामच, आणि व्हायरसवाल्यांनी या शेपटीचा भरपूर गैरवापर केला आहे. लिनक्सवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवून पाहा. विंडोज ३.१ ची खरी फाइल ‘एनई’ प्रकारची, १६-बिट असते. ‘पीई’ दिसलं तर ती नंतरच्या काळातली आहे.

६४-बिट विंडोजवर १६-बिट सेव्हर थेट चालत नाही. आजच्या यंत्रावर जुना डॉस संगणक भासवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये तुमच्या फ्लॉपींवरून विंडोज ३.१ बसवा. तारे फारच वेगानं पळाले तर डॉसबॉक्सचं वेग ठरवणारं ‘सायकल्स’ हे सेटिंग कमी करा. विंडोजची प्रत नसेल तर विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन अनेक १६-बिट सेव्हर विंडोजच्या परवान्याविनाच चालवतं: फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ आणि ‘एस’ दिलं की सेव्हर सुरू होतो, ‘सी’ दिलं की त्याची सेटिंग उघडते. आणि फक्त उडते टोस्टरच पाहायचे असतील तर १९९२ पासून चालू असलेल्या, एक्सस्क्रीनसेव्हर या मोफत सेव्हर-संग्रहात तशा धर्तीचं मॉड्यूल आहे.

सगळं नीट बसवूनही ठरलेल्या वेळी सेव्हर सुरू होत नसेल, तर पूर्ण पडद्यावर डॉसची खिडकी उघडी राहिली आहे का ते पाहा. ती समोर असेपर्यंत विंडोज ३.१ चा सेव्हर जागा होत नाही.