नवऱ्याचं टॅली, आईचे दिवाळी अंक आणि एकच संगणक

आईकडे साडेसहाशे दिवाळी अंक आहेत, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पाच कपाटं भरून. कुठला अंक कुठल्या कप्प्यात आहे ते तिला फोनवर बघता यावं, म्हणून मी घरातल्याच डेस्कटॉपवर वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम, बसवला. त्याच यंत्रावर नवरा विंडोजमध्ये टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो, त्यामुळे विंडोज काढून टाकायचा प्रश्नच नव्हता; सर्व्हर त्याच्या जोडीला लिनक्सवर चालतो. तुमच्याकडेही असंच असेल, तर एक गोष्ट आधी सांगते. सर्व्हर बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत आहे ती यंत्र दर वेळी आपणहून लिनक्समध्ये परत यावं यासाठी. विंडोज चालू असेल तितका वेळ सर्व्हर बंदच असतो.

उबुंटूला (मी वापरते तो लिनक्सचा प्रकार) शक्यतो वेगळी डिस्क द्या. मी तापकीर गल्लीतून २४० जीबीची एसएसडी आणली. एकाच डिस्कचे भाग पाडूनही जमतं, पण हिशेबाच्या फायली असलेल्या डिस्कला हात लावायची माझी तयारी नव्हती. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदलण्याआधी विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा; असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि लिनक्सला त्या डिस्कवरचं वाचता आलं तरी लिहिता येत नाही. मुखपृष्ठांचे स्कॅन मी सुरुवातीला डी ड्राइव्हवर ठेवले होते. एका संध्याकाळी नवे स्कॅन काही केल्या सेव्ह होईनात, तेव्हा हे कळलं. सर्व्हरच्या फायली लिनक्सच्याच डिस्कवर ठेवा.

आता ग्रबचा, म्हणजे यंत्र सुरू होताना उबुंटू की विंडोज हे विचारणारा, मेनू. ग्रबच्या सेटिंगच्या फायलीत डीफॉल्ट ० आणि टाइमआउट १० ठेवा, मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. कुणी काही दाबलं नाही, तर दहा सेकंदांनी उबुंटू सुरू होतं. मेनूत विंडोज दिसत नसेल, तर त्याच फायलीत ओएस-प्रोबर (यंत्रावरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) बंद ठेवणारी ओळ ‘फॉल्स’ करा आणि पुन्हा अपडेट करा. मॉनिटरच्या कडेला मी चिठ्ठी लावली आहे: ‘टॅली झालं की शट डाउन नको, रीस्टार्ट’. उबुंटूच्या पॉवर सेटिंगमधलं आपोआप सस्पेंड होणंही बंद करा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते घड्याळाने. रात्री आठ वाजता केलेल्या बिलावर दुपारचे अडीच! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. मध्यरात्रीनंतर तर तारीखसुद्धा आदल्या दिवसाची येते. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा दिली की दोघांचं जुळतं. लिनक्स त्यावर इशारा देतं, पण तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही.

सर्व्हर म्हणून मी एंजिनएक्स घेतला. ॲप्टने (उबुंटूत प्रोग्रॅम बसवायच्या आज्ञेने) इन्स्टॉल केला की लगेच चालू होतो. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की त्याचं स्वागताचं पान दिसतं. तुमचं इंडेक्स पान ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’मधल्या ‘एचटीएमएल’ फोल्डरमध्ये ठेवा. फायरवॉल लावली असेल, तर तिच्यात ८० नंबरचा पोर्ट उघडा. मराठी पान करणाऱ्यांनी एक विसरू नये: पानाच्या डोक्यात कॅरसेट यूटीएफ-८ लिहा. मी विसरले होते, आणि आईच्या फोनवर अंकांच्या नावांऐवजी परकी, टोप्या घातलेली अक्षरं उमटली.

राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून यंत्राला कायमचा पत्ता द्या. आमचा १९२.१६८.१.५० आहे. आईच्या फोनच्या होम स्क्रीनवर मी त्याचा शॉर्टकट ठेवून दिला.

घराबाहेरून बघायचं असेल, तर आधी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने यंत्राकडे वळवणं) कितीही केलंत तरी उपयोग नाही. तसं नसलं तरी घरच्या यादीसाठी सगळ्या जगाला दार उघडू नका, असं माझं ठाम मत आहे. टेलस्केल (आपल्याच उपकरणांना खाजगीत जोडणारा प्रोग्रॅम) यंत्रावर आणि फोनवर, दोन्हीकडे बसवा, काम होतं.

विजेचा खर्च म्हणाल, तर यंत्र ४० वॉट घेत असेल तर दिवसाला एका युनिटच्या आत, महिन्याला २९ च्या आसपास.

शेवटचं काम गुरुवारसाठी. आमच्याकडे दुरुस्तीला वीज बंद ठेवतात ती बहुधा गुरुवारीच. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तिथे ‘पॉवर ऑन’ निवडा. मग यंत्र शट डाउन करा, भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभराने चालू करा आणि कशालाही हात न लावता फोनवर पान उघडतंय का बघा. आमच्याकडे दीड मिनिटात उघडतं.