अंधार कुठे ठेवायचा? मंद उजेडात भाव पकडणारं पोर्ट्रेट कसं काढावं

मंद उजेडात पोर्ट्रेट काढायचं तर आधी अंधार ठरवावा लागतो. चेहऱ्याची कोणती बाजू दिसणार नाही, मागची भिंत किती काळी होणार, हात उजेडात येणार की सावलीत राहणार, हे मनाशी पक्कं झाल्यावरच कॅमेरा उचलावा. ग्रेनचा, म्हणजे फोटोतल्या दाणेदार पोताचा, विचार त्यानंतर.

बरेच जण उलट्या क्रमाने जातात. ट्यूबलाइटच्या उजेडात समोरून फोटो काढतात, मग ॲपमध्ये तो काळपट करतात आणि वर ग्रेनचा फिल्टर टाकतात. समोरून पडलेल्या सपाट उजेडात नाक, गाल, कपाळ यांना आकारच आलेला नसतो. नंतर कितीही काळं केलं तरी तो आकार मिळत नाही, आणि ग्रेन चेहऱ्यात न मुरता वरच्यावर तरंगत राहतो.

उजेड एकच ठेवा

सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यांची मुलगीच त्यासाठी उभी राहिली होती. चित्रात उजेडाचा उगम एकच, हातातला दिवा. दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला केलेला, बोटांच्या फटींतून तांबूस प्रकाश झिरपतोय, आणि चेहरा खालून उजळलाय. बाकी जवळजवळ सगळा अंधार. फोटो काढण्यापूर्वी हे चित्र दहा मिनिटं नीट पाहावं. प्रकाशयोजनेचा निम्मा धडा त्यात आहे.

घरी सुरुवात करायला दिवेलागणीच्या आधीची वेळ उत्तम. सूर्य मावळलेला, खिडकीतून निळसर उजेड अजून येतोय. खोलीतले सगळे दिवे बंद करा. टीव्ही, देवघरातली एलईडी माळ, चार्जरचा ठिपका, सगळं. ज्याचा फोटो काढायचा त्याला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खिडकी त्याच्या कडेला येईल असं बसवा. मग चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगा. एका क्षणी लांबच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाते ती हीच प्रकाशयोजना. त्रिकोण दिसला की थांबा. तो नको असेल, अर्धा चेहरा पूर्ण काळा हवा असेल, तर चेहरा थोडा परत फिरवा.

आपल्याकडच्या लहान, पांढऱ्या चुन्याच्या खोल्यांत एक अडचण हमखास येते. खिडकीचा उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि सावली भरून टाकतो. सावलीच्या बाजूला दोरीवर काळी घोंगडी टांगा. लोकरीमुळे ती अजिबात चमकत नाही आणि उजेड शोषून घेते. विकतच्या काळ्या पडद्याहून मला घोंगडीच जास्त भरवशाची वाटते.

दिवा, कंदील किंवा समई वापरणार असाल तर अंतराचं गणित लक्षात ठेवा. उजेडाचा उगम लहान असला की अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौपट कमी होतो. समई चेहऱ्यापासून दीड फुटावर आणि मागची भिंत समईपासून सहा फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्यावरच्या उजेडाचा सोळावा हिस्सा पोचतो, म्हणजे चार स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). भिंत आपोआप काळोखात जाते. दिवा चेहऱ्याजवळ आणि माणूस भिंतीपासून लांब, एवढं सांभाळलं की पार्श्वभूमीची वेगळी तजवीज लागत नाही. ज्योतीपासून पदर आणि केस मात्र सांभाळा.

माणसाला काम द्या

‘जरा उदास बस’ असं सांगून कोणी उदास दिसत नाही. आजींचा फोटो असेल तर त्यांच्या मांडीवर तांदळाचं ताट द्या आणि निवडू द्या. गाणाऱ्याला तंबोरा जुळवू द्या. हात कामात गुंतले की चेहरा स्वतःच्या जागी परत येतो, आणि मंद उजेडात नेमका तोच चेहरा हवा असतो. अंधार म्हणजे दुःखच, असं धरून चालू नका. त्याच खिडकीत विसावा दिसू शकतो, वाट पाहणं दिसू शकतं, दिवसभराच्या कामानंतरचं समाधानही दिसू शकतं. यांपैकी काय हवंय ते एका शब्दात ठरवा. वाट पाहणं असेल तर नजर खिडकीकडे. विसावा असेल तर पापण्या खाली आणि खांदे सैल.

एक्स्पोजर उजेडातल्या गालावरून ठरवा

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटीचा बहुतेक भाग काळा असला की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय. तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवतो आणि चेहरा पांढरा फटक होतो. म्हणून स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या ठिपक्यावर उजेड मोजणं) लावून उजेडातल्या गालावर मोजा, किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरचा अंदाज वर-खाली करायची सोय) उणे एक ते उणे दीडवर आणा. गाल डोळ्यांना दिसतो तसा पडद्यावर दिसला की एक्स्पोजर जमलं. सावलीकडे पाहायचंच नाही.

सावळ्या चेहऱ्याच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन: तो उजळ करू नका. स्टुडिओत चेहरा दोन छटा गोरा करून देण्याची सवय इतकी मुरली आहे की मंद उजेडातही लोक स्लायडर वर ढकलतात. सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या हलक्या चमकेत असतं, आणि खिडकीसारखा मोठा, मऊ उजेड ती चमक कपाळावर, गालाच्या हाडावर नेमकी आणतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले छायाचित्रकार रॉय डिकाराव्हा यांनी आपल्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय माणसांचे आणि जॅझ वादकांचे फोटो आहे त्या उजेडात काढले आणि प्रिंट मुद्दाम गडद ठेवले. त्या गडद करड्या छटांमधून चेहरा शोधायला डोळ्यांना थोडा वेळ लागतो. त्या वेळातच फोटो आपल्याला धरून ठेवतो.

सुरुवातीला हे आकडे लावून पाहा. एफ म्हणजे लेन्सचं छिद्र (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ सेकंदांत, आणि आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता. सूर्यास्तानंतरच्या खिडकीत एफ/२, शटर १/१२५, आयएसओ १६००. पाच वातींची समई दीड फुटावर असेल तर एफ/२, १/६०, आयएसओ ३२००. मग गाल पाहून कमी-जास्त करा. ५० मिमीची एफ/१.८ लेन्स या कामाला पुरेशी आहे. मात्र एक मीटर अंतरावरून एफ/१.८ला जेमतेम तीन-चार सेंटीमीटर भाग स्पष्ट राहतो, म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावर, एकाच बिंदूने करा. एलईडी किंवा ट्यूबचा उजेड वापरत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि वेगळ्या शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

फोनवर काढणार असाल तर नाइट मोड बंदच करा. तो अनेक फ्रेम एकावर एक रचून नॉइज (डिजिटल फोटोतले नको असलेले ठिपके) पुसतो, अंधार उजळतो आणि त्वचा मेणासारखी करतो. म्हणजे आपल्याला हवं ते सगळं घालवतो. प्रो मोडमध्ये जाऊन रॉ, म्हणजे फोनने फेरफार न केलेली मूळ फाइल घ्या.

आयएसओ वाढवा, नंतर उजळत बसू नका

नॉइज येतो तो मुख्यतः उजेड थोडा असल्यामुळे. सेन्सरवर प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे कमी-जास्त पडतात. एकूण थेंब थोडे असले की ही विषमता डोळ्यांत भरते. म्हणून आयएसओ ४००वर काळा फोटो काढून संगणकावर तीन स्टॉप उजळण्यापेक्षा सरळ ३२००वर गाल नीट घेतलेला बरा. काही नव्या कॅमेऱ्यांत रॉ फाइलमध्ये हा फरक फारसा दिसत नाही, पण जेपीईजीत काढत असाल तर उजळलेली सावली डागाळतेच.

ग्रेन मधल्या छटांत आणा

फिल्मचा ग्रेन आणि डिजिटल नॉइज यांच्या जागा वेगळ्या असतात. कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म १९५४ साली ३५ मिमीमध्ये आली. पुढे वृत्तछायाचित्रकार ४००च्या आसपासची फिल्म १६०० समजून वापरत आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, जास्त वेळ ठेवत. याला पुश करणं म्हणतात. यात सावलीत नवा तपशील जवळजवळ मिळत नाही. कॉन्ट्रास्ट वाढतो आणि ग्रेन ठसठशीत होतो. प्रिंटमध्ये हा ग्रेन सगळ्यात जास्त दिसतो तो करड्या, मधल्या छटांत. अगदी काळा भाग स्वच्छ काळा राहतो. डिजिटलमध्ये उलट होतं: नॉइज सावलीत वळवळतो आणि गालावर फारसा दिसतच नाही. म्हणून कॅमेऱ्याचा नॉइज जसाच्या तसा सोडला तर फोटोला फिल्मचा भाव येत नाही.

एडिटिंगचा क्रम यावरूनच ठरतो. आधी रंगीत नॉइज, म्हणजे लाल-हिरवे ठिपके, पूर्ण काढा. उजेड-अंधाराचा नॉइज मात्र फार पुसू नका. तो पुसला की त्वचेची रंध्रंही जातात. मग टोन कर्व्हचं (छटा गडद-फिक्या करणाऱ्या रेषेचं) खालचं टोक ओढून गडद सावली खरोखर काळी करा, म्हणजे तिथला नॉइज तिच्यात बुडतो. त्यानंतर ग्रेन घाला. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्रेनचे स्लायडर अमाउंट २५ ते ४०, साइज २५च्या आसपास, रफनेस ५०, इथून सुरुवात करा. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या ग्रेन मॉड्यूलमध्ये मिडटोन्स बायस नावाचा स्लायडर आहे. तो वाढवला की ग्रेन मधल्या छटांत गोळा होतो, नेमका आपल्याला हवा तिथे.

भावाप्रमाणे ग्रेनचा पोत बदला. झोपलेल्या बाळाला किंवा विसावलेल्या आजींना बारीक, मऊ ग्रेन पुरतो. तालमीनंतर घामाने थबथबलेल्या पैलवानाला भरड ग्रेन शोभतो. लहान मुलांच्या चेहऱ्यावर भरड ग्रेन मला कधीच पटलेला नाही. त्वचा आजारी दिसते.

कृष्णधवल की रंगीत? समईच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा तोल, दुरुस्त करून चेहरा ‘नॉर्मल’ करायला गेलात तर सॉफ्टवेअर निळा चॅनेल प्रचंड वाढवतं आणि त्यातला नॉइज सगळीकडे पसरतो. तेव्हा तो पिवळेपणा राहू द्या, नाहीतर सरळ कृष्णधवल करा. कृष्णधवल करताना लाल आणि नारिंगी स्लायडरने त्वचा सांभाळा, निळ्याला हात लावू नका.

आकार आधी, ग्रेन नंतर

पडद्यावर शंभर टक्के मोठं करून ग्रेन ठरवला तर प्रिंटमध्ये तो फसतो. आठ बाय दहा इंचाच्या प्रिंटसाठी ठरवलेला ग्रेन मोबाइलच्या पडद्यावर नाहीसा होतो. म्हणून फोटो ज्या आकारात दिसणार आहे त्या आकाराला आधी लहान करा आणि ग्रेन सगळ्यात शेवटी घाला. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं तेव्हा बारीक ग्रेनच्या जागी चौकोनी ठोकळे येतात. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रिंट काढणार असाल तर चकचकीत कागद टाळून मॅट कागद घ्या. मॅटवर काळा रंग थोडा फिका उतरतो, त्यामुळे आधी पाच-सहा इंचांची एक पट्टी छापून पाहा. त्या पट्टीत गालाचा उजेड, सावलीची कड आणि पूर्ण काळा भाग, तिन्ही यायला हवेत. सावलीची कड चिखलासारखी दिसली तर ग्रेनला हात न लावता मधल्या छटा थोड्या वर आणा, आणि पुन्हा एक पट्टी काढा.